गालाला कळणारा धडा

शेकोटीपुढे बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गारठते. मधली हवा तापेपर्यंत न थांबता उष्णता थेट येऊन भिडते, तिला प्रारण म्हणतात. पुस्तकात तिची व्याख्या दोन ओळींत संपते. मुलांच्या हाती डबे, फॉइल आणि तापमापी दिली, तर मात्र तास पुरत नाही!

आधी गाल पुढे करा. पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल कडांना धरून गालाजवळ आणा, टेकवू नका. लगेच ऊब जाणवते. फॉइल तर गार, मग ऊब कुणाची? गालाचीच. आपलं अंग सतत अवरक्त किरण सोडत असतं आणि फॉइल त्यातले बहुतेक परत पाठवते. पहिल्या तासाला यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचत नाही.

आता पैज. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या. एक चकचकीत ठेवा, दुसऱ्याला बाहेरून मेणबत्तीची काजळी धरू द्या. पाणी भरून उन्हात ठेवले की काळा आधी तापतो, हे मुलं न बघताच सांगतात. मग दोन्हींत सारखंच गरम पाणी ओतून डबे सावलीत ठेवा आणि विचारा, आधी कोण निवेल? ‘काळा उष्णता धरून ठेवतो’ म्हणत बरेच हात चकचकीत डब्याच्या बाजूने वर जातात. दर दोन मिनिटांनी तापमान फळ्यावर लिहीत गेलं की आकडे उलटंच सांगतात: काळा आधी निवला! जो पृष्ठभाग उष्णता झटकन शोषतो, तोच ती झटकन सोडतोही. झाकणं मात्र विसरू नका, नाहीतर वाफेवाटे जाणारी उष्णता सगळा फरक पुसून टाकते. स्कॉटलंडच्या जॉन लेस्लींनी 1804 मध्ये हेच दाखवलं. त्यांच्याकडे गरम पाण्याचा एकच चौकोनी डबा होता, पण त्याची प्रत्येक बाजू वेगळी.

बर्फावर रंगीत कापडाचे तुकडे ठेवणारे बेंजामिन फ्रँकलिनही याच वाटेचे. उन्हात काळा तुकडा सर्वात खोल रुतला, पांढरा वरच राहिला.

न दिसणारा रंग. 1800 साली विल्यम हर्शेल लोलकातून निघालेल्या रंगांचं तापमान मोजत होते. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सर्वात वर चढला. अवरक्त किरणांचा शोध लागला तो असा. खोकं, लोलक, काळे केलेले तापमापी आणि स्वच्छ ऊन एवढ्यावर हा प्रयोग शाळेच्या गच्चीवर जमतो.

गारवाही ‘येतो’? जिनिव्हाच्या मार्क-ऑगस्त पिक्ते यांनी दोन अंतर्गोल आरसे समोरासमोर ठेवले. एकाच्या नाभीपाशी बर्फाचं भांडं, दुसऱ्याच्या नाभीपाशी तापमापी. पारा उतरला! बर्फाकडून थंडी आली नव्हती. तापमापी जितकी उष्णता बाहेर टाकत होता, तितकी त्याला बर्फाकडून परत मिळत नव्हती. वरच्या वर्गातल्या मुलांना हा प्रश्न आठवडाभर घोळवू द्यावा.

याच हिशेबाने महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात पहाटे गवतावर हिमकण दिसतात. निरभ्र रात्री जमीन आणि पानं आकाशाकडे उष्णता टाकत राहतात आणि हवेपेक्षाही गार होतात. अलाहाबादला अठराव्या शतकात मातीच्या उथळ परळांत पाणी ठेवून, हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही, रातोरात बर्फ करत.

दिव्याची गोष्ट. उष्णतेच्या प्रयोगाला एलईडी कामाचा नाही, तारेचा जुना पिवळा दिवाच हवा. त्याच्या विजेतला फार थोडा भाग प्रकाश होतो, बाकी बहुतेक अवरक्त. दिव्याच्या खाली हात धरायला सांगा. गरम हवा वर जाते, तरी हात तापतो.

शेवटी काच आणि पिशवी. थर्मल कॅमेरा मिळाला तर एका मुलाला खिडकीच्या काचेमागे उभं करा. डोळ्यांना तो स्वच्छ दिसतो, कॅमेऱ्याला दिसतच नाही. मग त्याच्या हातावर कचऱ्याची पातळ काळी पिशवी चढवा. डोळ्यांना हात दिसेनासा होतो आणि कॅमेऱ्यात पाचही बोटं मोजता येतात.