आभासी यंत्रांसाठी नेटवर्क स्टोरेज प्रणाली

नेटवर्क स्टोरेज प्रणाली ही अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांवरील जागा नेटवर्कमार्गे इतर संगणकांना पुरवणारी ऑपरेटिंग सिस्टीम होय. एकाच सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे (व्हर्च्युअल मशीन) चालवताना त्यांच्या डिस्क अशा सामाईक साठ्यावर ठेवल्या जातात. त्यामुळे एखादा सर्व्हर बंद पडला तरी त्यावरील यंत्रे दुसऱ्या सर्व्हरवरून सुरू करता येतात. मात्र साठाच बंद पडला, तर त्यावर अवलंबून असलेली सर्व यंत्रे एकाच वेळी थांबतात. म्हणून या प्रणालीची निवड ही घरगुती चित्रपट-संग्रहासाठीच्या निवडीपेक्षा वेगळी ठरते.

इतिहास

नेटवर्कमार्गे फायली वापरण्याची एनएफएस ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये विकसित केली. डिस्कचे कच्चे खंड नेटवर्कवरून देणाऱ्या आयस्कझीचे प्रमाणीकरण २००४ मध्ये झाले. सन कंपनीतच जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरेन्स यांनी २००१ पासून झेडएफएस ही फाइल प्रणाली घडवली. तिचा स्रोत २००५ मध्ये खुला झाला. प्रत्येक खंडाची पडताळणी-बेरीज जपणे आणि जुना मजकूर न पुसता नवा मजकूर वेगळ्या जागी लिहिणे, ही तिची मुख्य वैशिष्ट्ये आहेत.

फ्रीएनएएस हा प्रकल्प ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी २००५ मध्ये फ्रीबीएसडीच्या पायावर सुरू केला. पुढे तो आयएक्ससिस्टिम्सकडे गेला व २०२० मध्ये ट्रूनॅस कोअर झाला. २०२२ मध्ये आलेले ट्रूनॅस स्केल मात्र डेबियन लिनक्सवर आधारित आहे. फ्रीएनएएसच्या विकासात सहभागी असलेल्या फोल्कर टाइले यांनी लिनक्सवर ओपनमीडियाव्हॉल्ट उभे केले, तर फ्रीएनएएसच्या जुन्या शाखेतून आजची झिग्मानॅस प्रणाली आली.

लेखनाचा वेग आणि सुरक्षितता

निवडीतील खरी अडचण येथे आहे. व्हीएमवेअर ईएसएक्सआय एनएफएसवर लिहिताना प्रत्येक लेखन डिस्कवर कायम झाल्याची पोच मागते. ही पोच प्रामाणिकपणे देणारी प्रणाली फिरत्या डिस्कवर अतिशय संथ भासते. अनेक जण मग ही सक्ती बंद करतात आणि वेग एकदम वाढतो. परंतु वीज गेल्यास शेवटच्या काही सेकंदांचे लेखन नाहीसे होते. झेडएफएसचा साठा स्वतः सुसंगत राहतो. पण मजकूर लिहिला गेला असे समजून पुढे गेलेल्या आभासी यंत्रातील डेटाबेस बिघडू शकतो. आयस्कझीवर ही सक्ती सहसा आपोआप लागू होत नाही. त्यामुळे ती पद्धत वेगवान वाटते, मात्र तिच्यातील धोका लपलेला असतो. यावरचा योग्य उपाय म्हणजे वीज गेल्यावरही हातातील लेखन पूर्ण करणारे संधारित्र असलेली छोटी एसएसडी लेखन-नोंदीसाठी स्वतंत्र देणे.

डिस्कची मांडणीही तितकीच निर्णायक आहे. बारा डिस्कच्या सहा आरसा-जोड्या केल्यास सहा डिस्कइतकी जागा व साधारण सहा डिस्कइतका यादृच्छिक लेखनवेग मिळतो. त्याच डिस्कचे प्रत्येकी सहाचे दोन रेड-झेड२ गट केल्यास आठ डिस्कइतकी जागा मिळते, पण वेग सुमारे दोन डिस्कइतकाच राहतो. आभासी यंत्रांचे काम बहुतांशी यादृच्छिक स्वरूपाचे असल्याने जागेचा लोभ येथे महागात पडतो.

पर्यायांची तुलना

झेडएफएसचा अनुभव आणि सर्व कामे ब्राउझरमधून करण्याची सोय हवी असल्यास ट्रूनॅस सोयीचे ठरते. ओपनमीडियाव्हॉल्ट कमी साधनांत चालते. त्यात झेडएफएस पूरक घटक म्हणून जोडावे लागते. दोनच सर्व्हर असतील, तर वेगळा साठा न ठेवता प्रॉक्समॉक्समधील अंगभूत झेडएफएस वापरून ठरावीक अंतराने प्रती पाठवणे अनेकदा अधिक शहाणपणाचे असते. सेफ ही विखुरलेली साठवण व्यवस्था किमान तीन सर्व्हर व वेगवान नेटवर्क मागते; लहान संस्थेने केवळ नावाच्या आकर्षणाने तिच्यामागे जाऊ नये.

नागपूरसारख्या शहरातील विचार

नागपुरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. सर्व्हर कक्षासाठी १८ ते २७ अंशांची शिफारस केली जाते. विदर्भात घरोघरी चालणारा पाण्याचा कूलर येथे उपयोगाचा नाही, कारण तो हवेत आर्द्रता भरतो. वातानुकूलनच लागते, आणि वीज गेल्यावर यूपीएसवर सर्व्हर चालू व वातानुकूलक बंद अशी स्थिती आल्यास कक्ष झपाट्याने तापतो. म्हणून डिस्कच्या तापमानाचा इशारा देणारी आणि यूपीएसचा संकेत मिळताच आधी आभासी यंत्रे व शेवटी साठा बंद करण्याची सोय असलेली प्रणाली निवडावी. उन्हाळ्यातील वादळी पावसाच्या दिवसांत हा क्रम प्रत्यक्ष तपासून ठेवणे इष्ट असते.

आभासी सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांना आणखी एक बंधन आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार प्रणालींच्या नोंदी १८० दिवस, तर ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपावी लागते. साठ्याची क्षमता ठरवताना ही जागा हिशेबात धरावी.

राखीव प्रत

स्नॅपशॉट ही राखीव प्रत नव्हे; ती त्याच डिस्कवर असते आणि डिस्कबरोबरच जाते. झेडएफएसमध्ये दोन स्नॅपशॉटमधील फरक तेवढाच दुसऱ्या यंत्राकडे पाठवता येतो, त्यामुळे मर्यादित वेगाच्या जोडणीवरूनही दुसऱ्या शहरात प्रत ठेवणे शक्य होते. त्या प्रतीतून एखादे आभासी यंत्र प्रत्यक्ष सुरू करून पाहिल्याशिवाय ती वापरण्याजोगी मानली जात नाही.