ऑनलाइन व्यवसायांसाठी विधिसेवा

इंटरनेटच्या साहाय्याने वस्तू वा सेवा विकणारी, इतरांच्या विक्रीसाठी संगणकीय बाजारपेठ चालविणारी किंवा संगणक-आज्ञावली तयार करणारी जी प्रतिष्ठाने असतात, त्यांना विधिज्ञांकडून मिळणारा सल्ला, मसुदालेखन व न्यायालयीन प्रतिनिधित्व यांचा समावेश या संज्ञेत होतो. या सेवेचे क्षेत्र संविदा, बौद्धिक संपदा, ग्राहकसंरक्षण, व्यक्तिगत विदेचे रक्षण, परकीय गुंतवणूक, करआकारणी व दंडविधी अशा अनेक शाखांत विखुरलेले आहे. त्यामुळे ती विधिशास्त्राची एक स्वतंत्र शाखा मानता येत नाही. प्रस्तुत नोंदीत भारतातील स्थितीचा विचार केला आहे.

या क्षेत्राचा मूळ कायदा म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा होय. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार विधी आयोगाने १९९६ मध्ये संमत केलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यापारविषयक आदर्श कायद्याच्या धर्तीवर तो तयार करण्यात आला व १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला. या अधिनियमाने व्यापाराचे सारे नियम नव्याने घडविले, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. संगणकीय अभिलेख व स्वाक्षरी यांना कागदी लेखाची प्रतिष्ठा देणे, हे त्याचे प्रमुख कार्य. व्यवहाराचा गाभा आजही भारतीय संविदा अधिनियम, १८७२ या जुन्याच कायद्याच्या आधाराने चालतो. ऑनलाइन प्रतिष्ठानाच्या विधिज्ञाचे बरेचसे काम म्हणजे या जुन्या कायद्यातील कोणते सूत्र नव्या व्यवहारास कोठे लागू पडते, हे ठरविणे होय.

संविदा व तिचे स्थळ : संगणकाच्या पडद्यावरील ‘मान्य आहे’ या कळीवर टिचकी मारल्याने संविदा होते की नाही, या प्रश्नाचे उत्तर २००८ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १०-क मध्ये मिळते. केवळ इलेक्ट्रॉनिक साधन वापरले, या कारणास्तव संविदा अग्राह्य ठरत नाही, असे ते कलम सांगते. तथापि संविदेच्या इतर अटी पुऱ्या व्हाव्या लागतातच. अठरा वर्षांखालील व्यक्तीशी केलेला करार, टिचकी कितीही वेळा मारली असली तरी, शून्यवत् असतो. हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने मोहरी बीबी खटल्यात १९०३ मध्येच घालून दिले आहे.

संविदा कोठे पूर्ण झाली, यावर दावा कोणत्या गावी चालेल हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. या बाबतीत आधारभूत मानला जाणारा निर्णय इंटरनेटच्या फार पूर्वीचा आहे. १९५९ मध्ये अहमदाबाद येथील एका पेढीने खामगाव येथील जिनिंग कारखान्याशी दूरध्वनीवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. माल न मिळाल्याने अहमदाबादला दावा दाखल झाला. तो खामगावलाच चालावा, असे कारखान्याचे म्हणणे होते. टपालाने होणाऱ्या व्यवहारात स्वीकृतीचे पत्र टपालात पडताच संविदा पूर्ण होते. दूरध्वनीला मात्र हा नियम लागू नाही, स्वीकृतीचे शब्द जेथे ऐकू आले तेथे संविदा झाली, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये बहुमताने दिला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत वेगळे होते : संविदा अधिनियमाच्या शब्दांना धरून राहिल्यास स्वीकृती जेथून उच्चारली गेली ते स्थळ महत्त्वाचे ठरते, असा त्यांचा रोख होता. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १३ ने हा वाद काहीसा सोपा केला. संदेश ज्या यंत्रातून गेला ते यंत्र कोठेही असो, तो पाठविणाऱ्याच्या व्यवसायस्थळाहून निघाला व घेणाऱ्याच्या व्यवसायस्थळी पोचला, असे मानले जाते.

एवढ्याने प्रश्न संपत नाही. संकेतस्थळ देशभर दिसते, म्हणून देशातील प्रत्येक न्यायालयास अधिकारिता मिळते काय? केवळ दिसणे पुरेसे नाही. प्रतिवादीने त्या न्यायालयाच्या क्षेत्रातील लोकांशी हेतुपूर्वक व्यवहार केल्याचे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये बॅन्यन ट्री प्रकरणात म्हटले. प्रतिष्ठाने आपल्या अटींमध्ये एखाद्या विशिष्ट शहराचे न्यायालय नमूद करतात, ते या अनिश्चिततेपोटीच. ग्राहकाच्या बाबतीत मात्र या अटीचा फारसा उपयोग होत नाही. ग्राहकसंरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो वा नोकरी-व्यवसाय करतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करता येते. ही सवलत मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या खरेदीदाराच्या दृष्टीने कळीची आहे.

आज्ञावलीचे स्वामित्व : नवोदित तंत्रज्ञान प्रतिष्ठानांची सर्वांत मोठी हानी न्यायालयात न होता न लिहिलेल्या कागदामुळे होते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणक-आज्ञावली ही साहित्यकृती समजली जाते. नोकरीत असलेल्या व्यक्तीने नोकरीच्या ओघात ती लिहिल्यास, विरुद्ध करार नसेल तर, पहिला हक्क मालकाचा असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आज्ञावलीकाराची गोष्ट वेगळी. त्याला पूर्ण मोबदला दिला, तरी सही केलेल्या लेखी अभिहस्तांतरणावाचून हक्क त्याच्याकडेच राहतो. अभिहस्तांतरण झाले आणि त्यात मुदत लिहिली नाही, तर ते ५ वर्षांपुरते धरले जाते; प्रदेश लिहिला नाही, तर केवळ भारतापुरते. शिवाय हक्काचा वापर एक वर्षात न केल्यास, तसा वेगळा उल्लेख नसेल तर, अभिहस्तांतरण त्या हक्कापुरते संपुष्टात येते. ही कलमे दुर्बळ लेखकाला प्रबळ प्रकाशकापासून वाचविण्याच्या हेतूने आलेली आहेत. आज्ञावलीच्या व्यवहारात मात्र ती अनेकदा उलट दिशेने लागू पडतात. महाविद्यालयातील मित्रांनी मिळून लिहिलेली आज्ञावली पुढे कंपनीच्या नावे चालते, गुंतवणूकदार येतो, त्याचे विधिज्ञ स्वामित्वाची कागदपत्रे मागतात आणि मधल्या काळात वेगळा झालेला एक मित्र त्या आज्ञावलीचा सहस्वामी असल्याचे तेव्हा उघड होते. अशा वेळी त्याच्या सहीची किंमत मूळ कामाच्या कितीतरी पट होऊ शकते. हे काम पहिल्या महिन्यात दोन-तीन पृष्ठांच्या लेखाने भागते.

पेटंटचा आधार येथे मर्यादित आहे, कारण पेटंट अधिनियमाच्या कलम ३(ट) ने निव्वळ संगणक-आज्ञावली वगळली आहे. नोकर सोडून गेल्यास त्याने प्रतिस्पर्ध्याकडे काम करू नये, या अटीचीही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. कल्याण येथील टायर-कॉर्ड कारखान्याशी संबंधित गोलीकरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कराराची मुदत चालू असेतोवरचा असा निर्बंध वैध मानला. करार संपल्यानंतरचा निर्बंध मात्र संविदा अधिनियमाच्या कलम २७ अन्वये शून्य ठरतो. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या करारासंबंधीच्या २००६ च्या निर्णयात हे पुन्हा स्पष्ट झाले. परदेशी नमुन्यांवरून उतरविलेल्या करारांत ही अट आजही सर्रास आढळते. ती घालणाऱ्या विधिज्ञाने अशिलाला तिचा खरा उपयोग सांगितला असेलच, असे नाही.

व्यापारी नावाचे रक्षण न्यायालयांनी तुलनेने लवकर केले. ‘रेडिफ’ या नावाशी साधर्म्य असलेले ‘रॅडिफ’ हे संकेतस्थळनाम वापरण्यास मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मनाई केली. संकेतस्थळनामांना व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे प्रकरणात २००४ मध्ये ठरविले.

मध्यस्थाचे दायित्व : दुसऱ्याने मांडलेल्या मजकुराबद्दल वा मालाबद्दल संकेतस्थळचालक किती जबाबदार, हा या क्षेत्रातील सर्वांत गंभीर प्रश्न होय. ‘बाझी डॉट कॉम’ या लिलावाच्या संकेतस्थळावर नोव्हेंबर २००४ मध्ये एका विद्यार्थ्याने एक अश्लील ध्वनिचित्रफीत विक्रीस मांडली. दोन दिवसांत ती काढण्यात आली, तरी पुढील महिन्यात प्रतिष्ठानाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास अटक झाली. त्या वेळच्या कलम ७९ नुसार आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण योग्य ती दक्षता घेतली होती, हे चालकाने स्वतः सिद्ध करावयाचे होते. दक्षता म्हणजे काय, ते कोठे सांगितलेले नव्हते. हे प्रकरण २०१२ पर्यंत चालले. कंपनीलाच आरोपी केलेले नसल्याने केवळ तिच्या अधिकाऱ्यावर खटला चालविता येत नाही, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे आठ वर्षांनंतर मिळालेली सुटका खटल्याच्या रचनेतील दोषावर आधारलेली होती. चालकाने पुरेशी दक्षता घेतली होती काय, हा मूळ प्रश्न त्यात सुटला नाही.

दरम्यान २००८ च्या दुरुस्तीने कलम ७९ नव्याने लिहिले गेले व ते २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. ऑनलाइन बाजारपेठा व लिलावस्थळे यांचा मध्यस्थाच्या व्याख्येत स्पष्ट समावेश झाला. मध्यस्थाने मजकूर स्वतः प्रसृत केला नाही, कोणाला पाठवावयाचा ते निवडले नाही, त्यात फेरफार केला नाही आणि विहित दक्षता पाळली, तर त्याला संरक्षण मिळते. हे संरक्षण सशर्त आहे; एखादा परवाना एकदाच काढून ठेवावा तसे ते मिळत नाही. प्रतिष्ठानाच्या रोजच्या वागणुकीवर ते टिकते वा जाते. त्यामुळेच विधिज्ञाला केवळ खटल्याच्या वेळी बोलावून चालत नाही. तक्रार कोणाकडे येते, तिची नोंद कोण ठेवतो, मजकूर काढण्याचा निर्णय किती वेळात होतो, या कार्यालयीन बाबींची व्यवस्था त्याला आधीच लावून द्यावी लागते.

मजकूर बेकायदेशीर असल्याची ‘प्रत्यक्ष जाणीव’ मध्यस्थाला केव्हा झाली असे मानावयाचे, यावर बराच वाद झाला. न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना मिळाली म्हणजेच जाणीव झाली, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी लावला. प्रत्येक तक्रारदाराच्या पत्रावरून मजकूर काढू लागल्यास मध्यस्थ खाजगी अभ्यवेक्षक बनेल, ही भीती त्यामागे होती. कॉपीराइटच्या बाबतीत मात्र, विशिष्ट कृतीचा निर्देश करणारी हक्कधारकाची सूचनाही पुरेशी होते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मायस्पेस प्रकरणात ठरविले. एकाच प्रतिष्ठानात दोन तक्रारी दोन वेगळ्या कसोट्यांनी तपासाव्या लागतात, त्या यामुळे.

२५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी दक्षतेचा तपशील वाढविला. मूळ नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत व न्यायालयीन आदेशाची अंमलबजावणी ३६ तासांत, अशा मुदती होत्या. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना भारतात राहणारा मुख्य अनुपालन अधिकारी नेमणे आवश्यक झाले व तो व्यक्तिशः जबाबदार धरला जाऊ शकतो. केंद्रशासनाच्या कामकाजासंबंधीचा मजकूर खोटा आहे किंवा कसे हे ठरविणारा शासकीय कक्ष स्थापण्याची २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केली. हे नियम वरचेवर बदलतात. मागील वर्षीचा सल्ला या वर्षी तपासून घ्यावा लागतो.

ग्राहक, गुंतवणूक व विदा : २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार प्रतिष्ठानाने तक्रारनिवारण अधिकारी नेमून ४८ तासांत पोच द्यावयाची असते. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीच्या रूपाने गृहीत धरता येत नाही. खरेदीदाराला फसवून निर्णय घ्यावयास लावणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहेत. परकीय भांडवलाच्या धोरणात बाजारपेठ पुरविणे आणि स्वतःचा मालसाठा विकणे यांत भेद केला आहे. पहिल्यात पूर्ण परकीय गुंतवणुकीस मुभा देण्यात आली. या भेदामुळे मोठ्या प्रतिष्ठानांची रचना गुंतागुंतीची झाली आहे.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात २०१७ मध्ये मान्य केल्यानंतर सहा वर्षांनी डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिष्ठानांवरील प्रमुख कर्तव्ये त्यानंतर १८ महिन्यांनी लागू करण्याची योजना त्यांत आहे. विदेच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ठेवावी लागते, ही तरतूद मराठी वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. ती प्रामाणिकपणे अंमलात यावयाची, तर इंग्रजी मसुद्याचे यांत्रिक भाषांतर पुरणार नाही. ‘विदा’, ‘संमती मागे घेणे’ यांसारख्या शब्दप्रयोगांचा अर्थ सामान्य ग्राहकाला समजेल अशा मराठीत विधिज्ञांनाच लिहावा लागेल.

पुरावा : ऑनलाइन व्यवहाराचा पुरावा संगणकातच असतो. असा अभिलेख दाखल करताना विहित प्रमाणपत्र जोडणे आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. जालना विधानसभा मतदारसंघातील उमेदवारी अर्जांच्या चित्रीकरणावरून तो वाद उद्‌भवला होता. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

विधिव्यवसायावरील बंधने : ही सेवा देणारे सनदी वकील अधिवक्ता अधिनियम, १९६१ व भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियम यांनी बांधलेले असतात. त्यांना जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीनंतर नाव, पत्ता, शिक्षण व कार्यक्षेत्र एवढीच माहिती संकेतस्थळावर देण्याची मुभा मिळाली. कंपनीची पूर्णवेळ पगारी नोकरी स्वीकारणाऱ्यास त्या काळात वकिली करता येत नाही, म्हणून मोठ्या प्रतिष्ठानांचे अंतर्गत विधी अधिकारी व बाहेरचे वकील यांची कामे वेगळी राहतात. वकिलाची सेवा ग्राहकसंरक्षण अधिनियमाच्या कक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी ठरविले. आपल्या ग्राहकांना आयोगासमोर उत्तर देणारे ऑनलाइन प्रतिष्ठान स्वतः सदोष सल्ल्याबद्दल त्या आयोगाकडे जाऊ शकत नाही, ही स्थिती काहीशी विसंगत वाटते. अशा अशिलाला दिवाणी दावा किंवा विधिज्ञ परिषदेकडील तक्रार हे मार्ग उरतात. परदेशी विधिसंस्थांना न्यायालयाबाहेरील कामही भारतात करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो मुख्यतः कायम ठेवला, मात्र तात्पुरत्या भेटीत परदेशी कायद्याचा सल्ला देण्यास हरकत घेतली नाही. विधिज्ञ परिषदेने २०२३ मध्ये नियम करून नोंदणीकृत परदेशी संस्थांना न्यायालयाबाहेरील कामापुरता मर्यादित प्रवेश देऊ केला.