माणसापासून लपलेली लिली

चीनच्या नैऋत्येला हेंगदुआन पर्वतरांगा आहेत. तिथे चार हजार मीटर उंचीवर फुटक्या दगडांच्या उतारावर तुम्ही उभे आहात. पायाशी एक रोप आहे, पण तुम्हाला ते दिसत नाही. त्याची पानं हिरवी नाहीतच! कुठे राखाडी, कुठे तपकिरी. जसा दगड तसं पान.

ही लिलीच्या कुळातली फ्रिटिलारिया डेलावायी. पहिलं फूल यायला पाचेक वर्षं लागतात, आणि मग वर्षाला एकच फूल.

पण ती लपते कुणापासून? कुनमिंगच्या वनस्पतिशास्त्र संस्थेतले यांग न्यू आणि एक्सेटर विद्यापीठाचे मार्टिन स्टीव्हन्स यांना आधी वाटलं, एखादा प्राणी ही पानं खात असणार. शोधलं, तर कुरतडल्याची खूणच सापडेना. मग उरला कोण? आपण!

फ्रिटिलारियाचे कंद चिनी वैद्यकात दोन हजार वर्षांहून जास्त काळ खोकल्यावर दिले जातात. या लिलीचा कंद इवलासा. किलोभर माल भरायला साडेतीन हजारांहून जास्त रोपं उपटावी लागतात. कंद गेला की रोप संपलं.

आता भातखाचरातली निंदणी आठवा. वेगळं दिसणारं तण लगेच उपटलं जातं, पण हुबेहूब भातासारखं दिसणारं पाखड हातातून सुटतं आणि बी धरतं. डोंगरावर नेमकं हेच घडलं. हिरवी रोपं खणणाऱ्याच्या नजरेत भरली आणि गेली. दगडाशी रंग जुळलेली मागे राहिली, आणि पुढची पिढी त्यांच्याच बियांतून आली. कुणी ठरवलं नाही, रोपाला तर काहीच कळत नाही. तरी सगळा डोंगर रंग बदलत गेला. मला यातलं हेच सगळ्यात थक्क करतं.

पुरावा? संशोधकांनी कुठून किती कंद निघाले याच्या स्थानिक नोंदी पाहिल्या, कुठे खणणं सोपं आहे हेही तपासलं. जिथे खणणं जास्त, तिथे रोपाचा रंग दगडाशी जास्त जुळलेला. मग संगणकावर फोटो दाखवून लोकांना रोपं शोधायला लावली. दगडाशी रंग जुळलेली रोपं शोधायला त्यांना खरोखरच जास्त वेळ लागला. हे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झालं.

आणि जिथे दगडांमुळे कंद काढणं जिकिरीचं, म्हणून माणूस फारसा खणत नाही, तिथे हीच लिली आजही हिरवीगार आहे.