तुकोबांच्या पुलावरून

संत तुकाराम नगर मेट्रो स्थानकाची पाटी आम्ही रोज वाचतो. परवा शेजारच्या ख्रिस्ती मैत्रिणीशी भांडून आलेल्या नववीतल्या मुलीने विचारले, "नुसत्या श्रद्धेने नजात मिळते, मग नेक अमल कशाला?"

आम्हांला कवी ना. वा. टिळक आठवले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. देवाची करुणा कमावता येत नाही, ती मागावी लागते, हे त्यांना अभंगांतच भेटले असावे.

ख्रिस्ती म्हणतात, येशूने क्रूसावर माणसाच्या पापाचे ओझे उचलले. त्यावर विश्वास ठेवणाऱ्याला तारण देणगी म्हणून मिळते. नेक काम ही त्याची किंमत नव्हे, कृतज्ञता आहे. लूकच्या शुभवर्तमानात सारे उधळून परतलेल्या मुलाकडे बाप स्वतः धावत जातो. मुलीला ही गोष्ट फार आवडली.

इथे आपली वाट वेगळी. कोणी कोणाचे ओझे उचलणार नाही, असे कुरआन सांगते आणि हजरत ईसा (अलैहिस्सलाम) आपल्यासाठी अल्लाहचे पैगंबर आहेत. पण केवळ अमलांच्या जोरावर कोणीही जन्नतीत जाणार नाही, अल्लाहची रहमत लागेलच, हेही बुखारी शरीफच्या हदीसमध्ये आहे.

संध्याकाळी मुलगी मैत्रिणीकडे गेली. वाद अजून चालू आहे, पण आता चहा पीत.