एकदाच घडणारे स्नान

दक्षिण काशी म्हणून जिचा लौकिक आहे, जिच्या पंचगंगेच्या घाटावर कार्तिकातले पहाटेचे स्नान आजही श्रद्धेने होते, आणि जिच्याच परिसरात नृसिंहवाडीच्या संगमावर कन्यागताच्या पर्वणीस अगणित भाविक बुडी मारतात, त्या करवीरनगरीस, म्हणजे कोल्हापुरास, जलाचे पावित्र्य कोणी परक्याने शिकवावे असे नव्हते. म्हणूनच १८५२ साली रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, तेव्हा त्यांच्या धर्मातील बाप्तिस्म्याचे पाणी येथील रयतेस अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते. अपरिचित होते ते एवढेच, की हे स्नान आयुष्यात एकदाच घडते, ते स्वहस्ते घेता येत नाही, आणि त्यानंतर माणूस पूर्वीच्या नात्यागोत्यात पूर्वीसारखा परत जाईलच अशी शाश्वती नसते.

या एकदाच घडण्यातच बाप्तिस्म्याचे मर्म आहे. यार्देन नदीकाठी योहान लोकांस पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत असे, आणि येशूने स्वतः त्याच्या हातून तो घेतला. पुढे पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने सर्व राष्ट्रांतील लोकांस बाप्तिस्मा द्यावा, ही येशूची आज्ञा मत्तयाने शुभवर्तमानाच्या अखेरीस नोंदविली. परंतु त्याचा खोल अर्थ उकलला तो प्रेषित पौलाने. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो सांगतो, की पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे होय. मळ धुण्याचे स्नान रोज लागते. मरण मात्र एकदाच येते. उत्तर आफ्रिकेत चौथ्या शतकात धर्माधिकाऱ्याच्या पापामुळे त्याने दिलेला बाप्तिस्मा रद्द ठरतो काय, असा मोठा तंटा उद्भवला. तेव्हा हा संस्कार देणाऱ्याच्या योग्यतेवर नव्हे, तर ख्रिस्तावर अवलंबून असतो, म्हणून तो पुन्हा द्यावयाचा नसतो, असा निर्वाळा ऑगस्टिनने दिला.

पाणी किती असावे याविषयी प्राचीन मंडळीने फारसा हट्ट धरला नव्हता. ‘दिदाखे’ या आरंभीच्या काळातील नियमग्रंथात वाहते पाणी उत्तम मानले आहे, पण ते नसल्यास दुसरे पाणी घ्यावे, आणि तेही पुरेसे नसल्यास मस्तकावर तीनदा पाणी ओतावे, अशी मुभा आहे. कोल्हापुरात रुजलेल्या प्रेस्बिटेरियन परंपरेत पाळक मुलाच्या मस्तकावर पाणी शिंपडतात, आईबाप मंडळीसमोर वचन देतात, आणि ते मूल जाणते झाल्यावर स्वमुखाने विश्वास कबूल करून प्रभुभोजनास बसते. बॅप्टिस्टांना मात्र जाणत्याचाच आणि बुडवूनच दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य वाटतो. १९७० साली नागपुरात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा या दोन्ही रीती एकाच छत्राखाली मान्य झाल्या. शतकानुशतकांच्या वादानंतर झालेला हा समेट मला फार मोलाचा वाटतो.

महाराष्ट्रात मात्र पौलाने सांगितलेले हे मरण केवळ रूपक राहिले नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे केवळ राहिला होता. त्यास बाप्तिस्मा मिळण्यापूर्वीच न्यायालयाने बापाच्या स्वाधीन केले. परंतु परक्यांकडे जेवलेल्या त्या मुलास जातीत परत घ्यावे की नाही, यावरून ब्रह्मवृंदात प्रचंड वादळ उठले, आणि त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बाळशास्त्री जांभेकरांना मोठा रोष सोसावा लागला. ज्याच्या मस्तकावर पाणी पडलेच नव्हते त्याची ही अवस्था, तर ज्याच्या पडले त्याचे घर, वतन, वारसा यांचे काय होत असेल, ते उघड आहे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडू नये अशी तजवीज इंग्रजी अमलात झाली. तुटलेली पंगत मात्र कोणत्याही कायद्याने जोडता आली नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे अत्यंत प्रांजळपणे लिहिले, की तेव्हा आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त नव्हे. संस्कार आणि अनुभव यांतील हे अंतर कवी नारायण वामन टिळकांनीही ओळखले. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंचा दीर्घ वियोग सोसला, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. १९१९ साली ते निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण त्यांनी हात घातला होता तो खऱ्या जखमेवर. आपल्याकडे बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताच्या मागे जाणे याऐवजी एका समाजातून दुसऱ्या समाजात बदली होणे, असेच मानले गेले.

हीच बदली कायदाही मानतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या हुकमानुसार अनुसूचित जातीतील मनुष्य ख्रिस्ती झाला की त्या जातीच्या सवलती संपतात. १९५६ साली शिखांस आणि १९९० साली बौद्धांस त्या मिळाल्या, ख्रिस्त्यांस नाहीत. तेव्हा उपासनेस नेमाने येणारा, प्रार्थना करणारा, पण मुलांच्या जातीच्या दाखल्यासाठी पाण्यापाशी थांबलेला माणूस पाळकासमोर उभा राहिला, तर पाळकाने काय करावे? प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच, हा मंडळीचा जुना दंडक आहे, आणि पौलाचे म्हणणे लक्षात घेता तो मोडावा असे मला वाटत नाही. परंतु त्या माणसास पाहुणा न म्हणता मंडळीतलाच म्हणावे, त्याच्या घरी आजारपणात व मृत्यूत जावे, आणि पाण्याकडे येण्याची घडी त्याच्या विवेकावर सोपवावी, एवढे तरी टिळकांच्या दरबाराकडून उचलता येण्यासारखे आहे.