धनगरी तळ

धनगरी तळ म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मेंढपाळांचा तात्पुरता मुक्काम होय. सातारा जिल्ह्यातील माण व खटाव, तसेच सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत हे कमी पावसाचे तालुके आहेत. पावसाळ्यानंतर चारा संपत आला की तेथील काही कुटुंबे कळपांसह नदीकाठच्या प्रदेशाकडे निघतात व पुढील पावसाळ्याच्या सुमारास परततात. एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांच्या गटास 'वाडा' म्हणतात.

जागेची निवड

तळासाठी पाण्याजवळची, पण निचरा होणारी जागा निवडतात. उभ्या पिकांपासून अंतर राखले जाते. मेंढ्या रात्री 'वाघर' या जाळीच्या कुंपणात ठेवतात. माळरान, गायरान व पडीक जमिनीवर सहसा भाडे द्यावे लागत नाही. काढणी झालेल्या शेतात तर लेंडीखतासाठी शेतकरीच मेंढ्या बसवून घेतो आणि मोबदला म्हणून धान्य किंवा पैसे देतो.

कायदेशीर स्थिती

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार गायरानात चराईचा हक्क त्या-त्या गावाच्या जनावरांपुरताच आहे. त्यामुळे परगावच्या मेंढपाळाचा मुक्काम गावाच्या संमतीवर अवलंबून असतो. वन हक्क अधिनियम, २००६ मध्ये भटक्या पशुपालकांच्या वनातील हंगामी वापरास मान्यता आहे. मात्र अनुसूचित जमातींत नसलेल्या समाजांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वनाशी निगडित वास्तव्य सिद्ध करावे लागते. सतत फिरणाऱ्या कुटुंबांना असे पुरावे जमविणे कठीण जाते. गायरानांवरील अतिक्रमणे व वाढते बागायती क्षेत्र यांमुळे तळाच्या जागाही कमी होत आहेत.