गुलाबी पावलांचा कोळी

कोळी म्हटला की आपल्याला घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा किरकोळ जीव आठवतो. अ‍ॅमेझॉनच्या वर्षावनात मात्र झाडांवर राहणारा, तळहाताएवढा टॅरंटुला कोळी आहे. अंग काळे, केसाळ आणि आठही पायांची टोके गुलाबी. जणू आळत्यात पाय बुडवून आलेला! त्याच्या कुळीचे शास्त्रीय नाव अव्हिक्युलेरिया. लॅटिनमधला मूळ शब्द लहानशा पक्ष्याचा. कोळ्याला पक्ष्याचे नाव मिळाले, ही हकीकत मला त्याच्या रंगाहूनही रंजक वाटते.

मारिया सिबिला मेरियन ही जर्मनीत जन्मलेली चित्रकार १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या लेकीला घेऊन किडे रंगवायला सुरिनामला गेली. त्या काळी एकट्या बाईने असा प्रवास करायचा म्हणजे धाडसच. १७०५ साली निघालेल्या तिच्या ग्रंथात पेरूच्या फांदीवर एक केसाळ कोळी हमिंगबर्ड पक्ष्याचा फडशा पाडताना दिसतो. त्याच चित्राचा हवाला देऊन लिनियसने १७५८ साली कोळ्याचे बारसे केले. पुढे काही विद्वानांनी मात्र हे चित्र थाप ठरवले. कोळी कधी पक्षी खातो का? अखेर हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गसंशोधकाने १८६३ साली लिहिले, की कामेता गावाजवळ त्याने दोन चिमुकले पक्षी अशा कोळ्याच्या तावडीत स्वतः पाहिले. कोळी हाताळताना अंगात शिरलेल्या केसांनी त्याला असह्य खाज सुटली, हेही त्याने नोंदवले आहे.

बेट्सच्या कोळ्याचे पाय पसरले की सात इंच भरत. तो खरोखर याच कुळीतला होता का, याची मला शंकाच आहे. कारण तेव्हा मोठा केसाळ कोळी दिसला की हेच नाव चिकटवले जाई.

मग ओळखायचे कसे? गुलाबी पावलांवर विसंबण्यात अर्थ नाही. पिल्लांत रंग नेमका उलटा, म्हणजे पाय गुलाबी आणि टोके काळी असतात. पायांवर काटे नसणे, पावलांखाली केसांची रुंद गादी असणे, या खुणा अधिक भरवशाच्या. या गादीमुळेच तो गुळगुळीत पानावर सहज चढतो. पोटावरचे खाजरे केस तो अमेरिकेतल्या इतर अनेक टॅरंटुलांसारखे पायाने उडवत नाही. शत्रूच्या अंगावर पोटच घासतो. (आपल्या सह्याद्रीतल्या टॅरंटुलांना असे केस नसतातच.) तरीही जातीची खात्री करायची तर प्रजननाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावे लागतात.

हे किचकट काम ब्राझीलच्या कॅरोलिन फुकुशिमा आणि रोजेरिओ बर्तानी यांनी केले. हौसेने पाळण्यासाठी या कोळ्यांचा जगभर व्यापार चालतो; जंगलातून नेमकी कोणती जात उचलली जाते हेच ठाऊक नसेल, तर राखायचे कोणाला? २०१७ साली त्यांनी डझनावारी नावांचा गुंता सोडवून या कुळीत बाराच जाती ठेवल्या. काहींची रवानगी दुसऱ्या कुळींत झाली. मार्टिनिक बेटावरचा, निळ्या पिल्लांचा देखणा कोळीही त्यात गेला. बारांपैकी तीन जाती नव्या होत्या. त्यातल्या एकीला त्यांनी मेरियनचे नाव दिले. ती आढळते पेरू देशात, जिथे मेरियन कधीच गेली नव्हती.